गरोदरपणात झिका झाला तर बाळाचं काय होतं?

२०२४च्या जूनमध्ये पुण्यात एरंडवणे भागात डासांतून पसरणाऱ्या झिका या विषाणूचे रुग्ण सापडले आणि पुढचे काही महिने शहरातला आकडा चढत राहिला. त्या वर्षी देशात १५१ रुग्णांची नोंद झाली, त्यातले १४० महाराष्ट्रातले आणि त्यातलेही बहुतेक पुण्याचे. यादीत गर्भवतींची संख्या डोळ्यांत भरण्याइतकी होती. त्यावरून हा विषाणू गरोदर बायकांनाच गाठतो, असा समज पसरला. प्रत्यक्षात एखाद्या भागात रुग्ण सापडला की महापालिकेचे कर्मचारी आसपासच्या गर्भवतींच्या रक्ताचे नमुने प्राधान्याने घेत आणि राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेकडे पाठवत. शेजारच्या घरातल्या, ताप नसलेल्या कॉलेजच्या मुलाचा नमुना घ्यायला कोणी जात नव्हतं. जिथे शोधलं तिथे सापडलं, इतकंच.

पण मग गर्भवतींनाच एवढं का शोधायचं?

झिका हे युगांडातल्या एंटेबीजवळच्या एका जंगलाचं नाव. १९४७मध्ये तिथे पीतज्वराचा अभ्यास सुरू होता, तेव्हा झाडावर पिंजऱ्यात ठेवलेल्या एका माकडाच्या रक्तात हा विषाणू सापडला. त्यानंतर साठ वर्षं त्याची फारशी दखल कोणी घेतली नाही, आणि घ्यावी असं काही दिसतही नव्हतं. हलका ताप, अंगावर पुरळ, सांधेदुखी, लाल डोळे, आणि आठवड्याभरात माणूस बरा. पाचांतल्या चार जणांना तर काहीच जाणवत नाही. २००७मध्ये प्रशांत महासागरातल्या याप बेटावर साथ आली, तेव्हा तिथल्या जवळजवळ तीन चतुर्थांश लोकांना लागण झाली. पण मृत्यू एकही नाही आणि रुग्णालयात भरती व्हायची वेळही कोणावर आली नाही. वैद्यकाच्या पुस्तकात एखाद्या ओळीत आटपावा असा आजार.

ही समजूत ब्राझीलमध्ये मोडली. २०१५च्या सुरुवातीला त्या देशाच्या ईशान्य भागात पुरळ उठणाऱ्या तापाची साथ आली. डेंग्यू म्हणावं तर ताप फार चढत नव्हता. एप्रिलमध्ये बाहिया राज्यातल्या विद्यापीठातले गुबियो सोआरेस आणि सिल्व्हिया सार्डी यांनी हा झिका असल्याचं शोधून काढलं. डेंग्यूने मेटाकुटीला आलेल्या देशाला ही बातमी तशी दिलासा देणारीच वाटली.

त्यानंतर काही महिन्यांनी रेसिफे शहरातल्या बाल-मेंदूविकार तज्ज्ञ व्हानेसा व्हान डर लिंडेन यांच्याकडे विलक्षण लहान डोक्याची बाळं येऊ लागली. डोकं लहान असणं त्यांना नवं नव्हतं. नवं होतं ते स्कॅनमधलं चित्र. मेंदूत कॅल्शियमचे ठिपके होते, पण ते नेहमीच्या जागी नव्हते. रूबेला, टॉक्सोप्लाझ्मा, सायटोमेगॅलो अशा ओळखीच्या संसर्गांच्या चाचण्या नकारात्मक येत होत्या. त्यांच्या आई ॲना यासुद्धा त्याच शाखेच्या डॉक्टर. त्याही दुसऱ्या रुग्णालयात अशीच बाळं बघत होत्या. दोघींच्या बोलण्यातून हे एखाददुसरं प्रकरण नाही हे ध्यानात आलं. बाळांच्या आयांना विचारलं, तर बऱ्याच जणींना गरोदरपणाच्या सुरुवातीला अंगावर पुरळ आल्याचं आठवत होतं. महिन्यांचा हिशेब सरळ होता: वर्षाच्या सुरुवातीची साथ आणि सप्टेंबर-ऑक्टोबरातली बाळंतपणं.

आठवण म्हणजे पुरावा नव्हे. तो मिळाला शेजारच्या पाराइबा राज्यात. तिथल्या प्रसूतितज्ज्ञ आद्रियाना मेलो यांनी सोनोग्राफीत गर्भाच्या मेंदूत बिघाड दिसलेल्या दोन बायकांच्या गर्भजलाचे नमुने तपासायला पाठवले. दोन्हींत झिकाचा विषाणू निघाला. तो २०१५चा नोव्हेंबर होता. त्याच महिन्यात ब्राझीलने आरोग्य आणीबाणी जाहीर केली. १ फेब्रुवारी २०१६ला जागतिक आरोग्य संघटनेने ती जागतिक पातळीवर जाहीर केली. त्याच सुमारास युरोपातल्या स्लोव्हेनियातून आणखी एक अहवाल आला. ब्राझीलमध्ये राहून परतलेल्या एका गर्भवतीच्या गर्भाच्या मेंदूत प्रत्यक्ष विषाणू सापडला होता. एप्रिल २०१६मध्ये अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राने झिका हेच या व्यंगांचं कारण असल्याचं स्पष्ट केलं. डास चावल्यामुळे पोटातल्या बाळात जन्मजात व्यंग येऊ शकतं, हे वैद्यकाला त्याआधी माहीत नव्हतं.

दरम्यान, पाण्यात टाकलेल्या अळीनाशकामुळे हे घडतंय अशी अफवाही जोरात होती. ज्या रेसिफेत सगळ्यांत जास्त बाळं दिसत होती, तिथे ते अळीनाशक वापरातच नव्हतं. अफवेला अशी अडचण कधी नडत नाही.

आता विषाणू नेमकं काय करतो ते बघू. आईच्या रक्तातून तो वारेपर्यंत पोचतो. वार म्हणजे आईचं आणि बाळाचं रक्त एकमेकांत न मिसळता अन्न-प्राणवायूची देवाणघेवाण घडवणारा अवयव. बहुतेक जंतू तिथेच अडतात. झिका मात्र वारेतल्याच काही पेशींत शिरतो, तिथे वाढतो आणि पलीकडे जातो. गर्भात गेल्यावर त्याचा रोख असतो मेंदूच्या मूळ पेशींवर. या पेशी स्वतः विचार करत नाहीत की हातपाय हलवत नाहीत. त्यांचं काम एकच, विभागत राहायचं आणि पुढे मेंदूच्या पेशी होतील असा साठा तयार करायचा. ही मेंदूची रोपवाटिका म्हणा. रोपवाटिकेतच रोग शिरला तर नंतर शेताला कितीही पाणी दिलं तरी लावायला रोपं कुठून आणणार? म्हणून पहिल्या तीन महिन्यांतला संसर्ग सगळ्यांत घातक, कारण तेव्हा या पेशींची विभागणी भरात असते.

डोकं लहान राहतं ते यामुळेच. कवटी आपल्या मर्जीने वाढत नाही. आतला मेंदू वाढतो, तिला बाहेर रेटतो, म्हणून ती वाढते. मेंदूची वाढ खुंटली की कवटीही थांबते. झिकाच्या काही बाळांत तर याहून वाईट घडलेलं असतं. तयार झालेला मेंदूच आक्रसतो आणि कवटीची हाडं आत बसतात, एकमेकांवर चढतात. डोक्याच्या मागच्या बाजूला जास्तीच्या कातडीच्या वळ्या दिसतात. डोकं एके काळी मोठं होतं आणि नंतर खचलं, हे त्या वळ्या सांगतात.

सगळं लक्ष डोक्यावर जातं खरं, पण तो या आजाराचा एक भाग झाला. डोळ्याच्या पडद्यावर, नेमका स्पष्ट दृष्टीच्या जागी, व्रण असतात. पावलं वळलेली असतात, सांधे आखडलेले असतात. स्नायू इतके ताठ की बाळाला अंग मोकळं करता येत नाही. झटके येतात, गिळता येत नाही, काहींना ऐकू कमी येतं. या सगळ्याला मिळून जन्मजात झिका लक्षणसमूह म्हणतात. ब्राझीलमध्ये तीन वर्षांपर्यंतच्या मुलांचा मागोवा घेतला गेला, तेव्हा या लक्षणसमूहाच्या मुलांमधलं मृत्यूचं प्रमाण इतर मुलांच्या सुमारे ११ पट आढळलं. जी जगली त्यांचं सगळं करण्यात त्यांच्या आयांची नोकरी, झोप, कित्येकींचा संसारही गेला. २०२० साली तिथे अशा मुलांसाठी दरमहा किमान वेतनाइतकं आजन्म निवृत्तिवेतन देणारा कायदा झाला.

हे वाचून एखाद्या गर्भवतीच्या पोटात गोळा येईल, म्हणून आकड्यांकडे वळतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार, गरोदरपणात झिकाची लागण झालेल्या शंभर जणींपैकी ५ ते १५ जणींच्या बाळांत झिकाशी संबंधित दोष आढळतात. म्हणजे ८५ ते ९५ बाळांत ते आढळत नाहीत. प्वेर्तो रिको आणि अमेरिकेच्या इतर प्रदेशांत लागण पक्की झालेल्या गर्भवतींची नोंद ठेवली गेली, तेव्हा पहिल्या तिमाहीत लागण झाली तर सुमारे ८ टक्के, दुसऱ्या तिमाहीत ५ टक्के आणि तिसऱ्या तिमाहीत ४ टक्के बाळांत दोष दिसले. धोका उतरत जातो, शून्यावर येत नाही. म्हणून अहवाल पॉझिटिव्ह आला की बाळ गेलंच, असं कोणी सांगत असेल तर ते चूक. आणि ‘मला तर ताप आलाच नाही, मग कसली काळजी’ हेही चूक. लक्षणं नसलेल्या आईच्या बाळालाही धोका तसाच असतो. ताप नसलेल्या गर्भवतीचंही रक्त पुण्यात तपासलं जात होतं ते याचसाठी.

मापाच्या टेपबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण इथे गोंधळ फार होतो. पूर्ण दिवसांच्या बाळाच्या डोक्याचा घेर साधारण ३४-३५ सेंटिमीटर असतो. ब्राझीलने सुरुवातीला ३३च्या आतलं प्रत्येक बाळ संशयित धरलं. त्यामुळे निरोगी पण छोट्या चणीची असंख्य बाळं यादीत आली आणि असंख्य आया हकनाक घाबरल्या. मर्यादा आधी ३२वर आणली गेली, नंतर मुलगा-मुलगी वेगळे धरून आणखी खाली. योग्य पद्धत अशी की बाळ किती आठवड्यांचं आहे आणि मुलगा आहे की मुलगी, यावरून तक्त्यात बघायचं. आपल्याकडे कमी वजनाची बाळं बरीच जन्मतात. अंगच लहान असेल तर डोकंही त्याच बेताचं असणार. त्यातून डोकं खरोखरच लहान असलं तरी कारण झिकाच असेल असं नाही. जनुकीय दोष, गरोदरपणातली दारू, सायटोमेगॅलोसारखे दुसरे संसर्ग यांनीही ते होतं.

उलटी बाजू जास्त फसवी आहे. जन्मतः डोकं नेमक्या मापाचं, आणि तरीही आत बिघाड. ब्राझीलमधल्या अशा १३ बाळांचा अभ्यास २०१६मध्ये प्रसिद्ध झाला. जन्मावेळी सगळ्यांचा घेर ठीक होता, स्कॅनमध्ये मात्र मेंदूत दोष होते, आणि पुढे ११ जणांच्या डोक्याची वाढ मागे पडली. पहिल्या दिवशी टेप लावून ‘बाळ छान आहे’ म्हणून फाइल बंद करण्यात हा धोका आहे.

भारतात हे काही काल आलेलं नाही. २०१७मध्ये अहमदाबादच्या तीन रुग्णांची नोंद झाली, त्यात एक गर्भवती होती. २०१८मध्ये राजस्थान आणि मध्य प्रदेशात साथ आली, २०२१मध्ये केरळात आणि कानपुरात. महाराष्ट्रातला पहिला रुग्ण जुलै २०२१मध्ये पुरंदर तालुक्यातल्या बेलसरला सापडला. मग ब्राझीलसारखी बाळं इथे दिसली का? २०२४च्या साथीत झिकामुळे डोकं लहान राहिल्याची एकही नोंद झाली नाही. एक स्पष्टीकरण असं दिलं जातं की ब्राझीलच्या विषाणूत असलेला एक ठरावीक बदल राजस्थानच्या विषाणूत नव्हता. पण त्या एका बदलावर सगळं खापर फोडता येईल का, यावर शास्त्रज्ञांत एकमत नाही. आणि थायलंडमध्ये झिकामुळे डोकं लहान राहिलेली बाळं आढळली आहेतच. लागण झालेल्यांची एकूण संख्याच लहान असेल, तर शेकड्यातली पाच-दहा बाळं नजरेला न पडणंही शक्य आहे. माझ्या मते यातून निर्धास्त होण्यासारखं फार थोडं हाती लागतं. जुलै २०२४मध्ये केंद्राने सर्व राज्यांना गर्भवतींची तपासणी करून पॉझिटिव्ह मातांच्या गर्भाच्या वाढीवर नजर ठेवायला सांगितलं, ते शहाणपणाचं होतं.

नजर ठेवायची म्हणजे काय? रक्त आणि लघवी यांची आरटी-पीसीआर चाचणी होते. रक्तातला विषाणू साधारण आठवड्याभरात नाहीसा होतो, लघवीत तो थोडा जास्त दिवस सापडतो, म्हणून दोन्ही नमुने द्यावेत. प्रतिपिंडांची, म्हणजे विषाणूशी लढायला शरीर तयार करतं त्या प्रथिनांची, चाचणी आपल्याकडे अडचणीची ठरते, कारण झिका आणि डेंग्यू नात्यातले असल्याने ही चाचणी एकाला दुसरा समजू शकते आणि डेंग्यू होऊन गेलेला माणूस इथे घरोघरी आहे. लागण पक्की झाली की दर तीन-चार आठवड्यांनी सोनोग्राफी करतात. मेंदूतले कॅल्शियमचे ठिपके, पोकळ्या रुंदावणं, डोक्याची मंदावलेली वाढ या गोष्टी त्यात दिसू शकतात. पण अठरा-वीस आठवड्यांच्या आधी क्वचितच, आणि बऱ्याचदा त्याहून कितीतरी उशिरा. गर्भपाताच्या कायद्यात २०२१पासून काही परिस्थितींत २४ आठवड्यांपर्यंत मुभा आहे, गर्भात गंभीर दोष असेल तर त्यापुढे वैद्यकीय मंडळ निर्णय घेतं. दोष उशिरा दिसतो आणि मुदत जवळ येत जाते, या कात्रीत सापडलेल्या जोडप्याला कोणीही, डॉक्टरांनीसुद्धा, घाईने सल्ला देऊ नये.

यावर औषध नाही, लसही अजून नाही. तापासाठी पॅरासिटामॉल चालतं. डेंग्यू नाही हे कळेपर्यंत ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन घेऊ नये, रक्तस्रावाचा धोका वाढतो.

राहता राहिला डास. एडिस इजिप्ती, अंगावर पांढरे पट्टे असलेला, दिवसा चावणारा. सकाळी उन्हं वर येताना आणि संध्याकाळ होण्याआधी तो जास्त चावतो. त्यामुळे मच्छरदाणी रात्रीइतकीच दुपारच्या झोपेलाही लावायला हवी. अंगभर कपडे, आणि पाकिटावर डीट किंवा पिकारिडिन लिहिलेलं डास पळवणारं मलम गर्भवतीलाही चालतं, सूचनांप्रमाणे वापरलं तर. बंद खोलीत कॉइलचा धूर करणं मात्र टाळावं.

हा डास गटारात वाढत नाही, आपल्या घरच्या स्वच्छ पाण्यात वाढतो. ब्राझीलच्या ईशान्य भागातल्या गरीब वस्त्यांत नळाला रोज पाणी नसतं, म्हणून घरोघरी पिंप भरून ठेवलेली असतात. दिवसाआड पाणी येणाऱ्या आपल्या गावांना आणि उपनगरांना हे चित्र वेगळं समजावून सांगायला नको. अंड्यापासून डास व्हायला आठवडा ते दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एक कोरडा दिवस. पण नुसतं पाणी ओतून भागत नाही. मादी अंडी पाण्याच्या पातळीच्या जरा वर, भांड्याच्या भिंतीला चिकटवते आणि ती कोरडी पडूनही काही महिने तग धरतात. पिंप, रांजण, कूलर आतून घासायलाच हवेत. फ्रिजमागचा ट्रे, कुंड्यांखालच्या ताटल्या, गच्चीवरचे टायर हेही विसरू नयेत. हौद रिकामा करता येत नसेल तर गप्पी मासे सोडावेत. धूरफवारणीची गाडी गल्लीतून गेली की काहीतरी झाल्यासारखं वाटतं. पण हा डास तेव्हा बहुधा घरात, पलंगाखाली किंवा लटकवलेल्या कपड्यांच्या आड बसलेला असतो, आणि अळ्यांना त्या धुराने काहीच होत नाही.

आणखी एक वाट आहे, तिच्याबद्दल आपल्याकडे मोकळेपणाने बोललं जात नाही. झिका शरीरसंबंधातूनही पसरतो आणि वीर्यात तो रक्तापेक्षा बराच जास्त काळ राहतो. बेलसरला रुग्ण सापडल्यावर आरोग्य विभागाने गावात निरोध वाटले. डासाच्या आजारात हे काय, असं अनेकांना वाटलं असेल. साथीच्या भागातून आलेल्या पुरुषाने तीन महिने आणि बाईने दोन महिने निरोध वापरावा, असा सल्ला आहे. बायको गरोदर असेल तर पूर्ण गरोदरपणात निरोध, नाहीतर संबंध टाळणं. गरोदर सुनेला घरात जपायचं आणि साथीच्या गावाहून परतलेल्या मुलाला कोणी काही विचारायचं नाही, यात काही अर्थ नाही.

याच डासाने येणारे डेंग्यू आणि चिकुनगुन्या गर्भवतीला वेगळ्या वेळी गाठतात. त्यांची जन्मजात व्यंगांसाठी झिकासारखी ख्याती नाही. त्यांचा धोका बाळंतपणाच्या आसपास असतो. डेंग्यूत प्लेटलेट उतरलेल्या असताना कळा सुरू झाल्या तर आईला रक्तस्राव होऊ शकतो. चिकुनगुन्याचं उदाहरण २००५-०६च्या साथीतल्या रियुनियन बेटाचं: प्रसूतीच्या वेळी ज्या आयांच्या रक्तात विषाणू होता, त्यांतल्या जवळपास निम्म्या जणींच्या बाळांना लागण झाली, आणि सिझेरियन केल्याने त्यात फरक पडला नाही. ही बाळं जन्मतः ठणठणीत दिसतात. तिसऱ्या ते सातव्या दिवशी ताप येतो, दूध सोडतात, हातपाय सुजतात, काहींच्या नाकाभोवती काळपट डाग येतात, आणि काहींत विषाणू मेंदूपर्यंत जातो. आईला बाळंतपणाच्या आठवड्यात ताप आणि सांधेदुखी असेल, तर बाळाला दुसऱ्या दिवशी घरी नेण्याची घाई करू नये.

झिका झालेल्या आईने अंगावर पाजावं का, हा प्रश्न हमखास येतो. पाजावं, जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला तसाच आहे. बाळाच्या डोक्याचा घेर जन्मतः आणि मग प्रत्येक लसीकरणाच्या वेळी मोजून घ्यावा, मेंदूची सोनोग्राफी, डोळ्यांच्या पडद्याची आणि कानांची तपासणी सुरुवातीच्या आठवड्यांतच करून घ्यावी. काही मागे पडतंय असं वाटलं तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात फिजिओथेरपीपासूनची सोय मिळते. आईचा झिकाचा अहवाल माता-बाल संरक्षण कार्डाला जोडून ठेवावा, कारण दीड वर्षाने मुलाला पहिला झटका आला तर समोरच्या नव्या डॉक्टरला ही गोष्ट दुसरीकडून कळायची सोय नाही.